कॅसेट संपली तिथे गाणं संपलं नव्हतं

पत्र

"माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला होता. दुसऱ्या वर्षाचे विषय राहिले, वायडी लागली, म्हणजे वर्ष वाया गेलं, तेव्हापासून तो इथे कराडला घरी आहे. दिवसभर वरच्या खोलीत, कानाला हेडफोन, आणि रेडिओहेड नावाच्या इंग्रजी बँडची तीच ती गाणी. रात्री दोनला पाण्यासाठी उठले तरी दाराखालून उजेड दिसतो आणि बारीक आवाजात तेच चालू असतं. एकदा मी हेडफोन कानाला लावून बघितला. शब्द कळले नाहीत, पण कुणीतरी रडत रडत गातंय असं वाटलं. भाच्याला विचारलं तर म्हणाला, 'मामी, ते डिप्रेशनवालं म्युझिक आहे, आधी बंद करा.' त्याने मला दोन गाण्यांची नावं लिहून दिली. त्यातल्या एकाचा अर्थ 'पूर्णपणे नाहीसं कसं व्हावं' असा होतो म्हणे. ते वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. ह्यांचं म्हणणं, फोन काढून घ्यायचा. मी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं, दुसऱ्यांची पोरं समजून घेतली, आणि माझ्याच पोराशी काय बोलावं ते सुचत नाही. घेऊ का फोन काढून?"

उत्तर

प्रिय ताई,

फोन काढून घेऊ नका. एवढं आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं शांतपणे वाचाल.

आणि गाण्यांच्या आधी एक काम. आजच वर जा, त्याच्याशेजारी बसा आणि सरळ विचारा, "बाळा, जगूच नये असं वाटतं का तुला? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" शब्द असेच असू द्या. आडून विचारलंत तर तोही आडूनच उत्तर देईल. असं विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे मनोविकारतज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. असलेला विचार मात्र बाहेर पडायला वाट मिळते. तो "हो" म्हणाला, किंवा गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्याने तुमच्या पोटात गोळा आला, तर त्याला एकटं ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो त्यानेच लावला पाहिजे असंही नाही, तुम्ही लावू शकता. आणि तो "नाही गं आई" म्हणाला तरी पुढचे दोन आठवडे त्याचं जेवण, झोप, अंघोळ आणि मित्रांचे फोन यांच्याकडे लक्ष ठेवा. त्यातलं एकेक सुटत चाललं असेल, तर ताप उतरत नसला की नेतो तसं त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे न्या.

हे इतकं स्पष्ट लिहिते, कारण तुमच्या पत्रात गाण्यांबद्दल बरंच आहे आणि तो जेवतो की नाही याबद्दल एक ओळही नाही. तुम्ही घाबरला आहात, आणि घाबरलेल्या माणसाला कानावर पडणारी गोष्ट आधी दिसते. तुमची चूक काढत नाही मी. पण लक्ष त्या चार गोष्टींवर हवं.

आता गाणी. या बँडकडे मी परकेपणाने बघू शकत नाही, ते का ते सांगते.

२००१ साली मी बावीस वर्षांची होते. ठरलेलं लग्न मोडलं होतं, हातात नोकरी नव्हती, आणि डोंबिवलीला मावशीकडे राहत होते. एका मैत्रिणीने रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' मला कॅसेटवर उतरवून दिला होता. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. अल्बम त्रेपन्न मिनिटांचा. दहावं गाणं 'नो सरप्रायझेस' पुरतं वाजायचं, अकरावं सुरू व्हायचं, एक-सव्वा मिनिट चालायचं आणि खटकन टेप थांबायचा. राहिलेलं मैत्रिणीने दुसऱ्या बाजूला घेतलंच नव्हतं, तिथे तिची दुसरी कुठली गाणी होती. त्यामुळे माझ्यापुरता तो अल्बम 'नो सरप्रायझेस'वर संपत होता.

तुमच्या भाच्याने लिहून दिलेल्या दोन नावांमधलं हे एक असेल असा माझा अंदाज आहे. लहान मुलांच्या खेळण्यातून यावी तशी ग्लॉकेनश्पील या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची किणकिण, चाल अगदी अंगाईची, आणि त्या अंगाईच्या आत हातपाय गाळून बसलेला एक माणूस. त्याला आता काही नको आहे, फक्त शांतता हवी आहे. त्या शांततेवर मरणाची सावली आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. मी ते ऐकायचे, टेप मागे न्यायचे, पुन्हा ऐकायचे. बटण दाबून दाबून त्या टेपरेकॉर्डरवरची खूण पुसून गेली होती.

एका दुपारी मावशी गवार मोडत माझ्या बाजूला येऊन बसली. तिला इंग्रजी येत नव्हतं. म्हणाली, "काय म्हणतोय गं तो? मला सांग की." मी एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. चार ओळी झाल्या असतील नसतील, मग मी त्या गाण्याबद्दल बोलतच नव्हते, माझ्याबद्दल बोलत होते. लग्न मोडल्यापासून पहिल्यांदाच. मावशी गवार मोडत राहिली. तिने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. फार बरं केलं तिने. बघितलं असतं तर मी थांबले असते.

पुढे दोनेक वर्षांनी त्या अल्बमची सीडी हाताला लागली आणि टेप जिथे तुटायचा तिथून पुढे मी पहिल्यांदा ऐकलं. त्या अकराव्या गाण्याचं नाव 'लकी'. बोस्नियातल्या युद्धात होरपळलेल्या मुलांच्या मदतीसाठी १९९५ साली एक अल्बम निघाला होता, त्यासाठी या बँडच्या पाच जणांनी ते एका दिवसात रेकॉर्ड केलं होतं. अपघाताच्या ढिगाऱ्यातून, पाण्यातून कुणीतरी आपल्याला वर ओढून काढतंय, असं ते गाणं आहे. गिटार हळूहळू चढत जाते आणि शेवटी सगळं आभाळ उघडल्यासारखं होतं. त्यानंतरचं, अखेरचं, 'द टूरिस्ट'. ते बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड याने लिहिलं. फ्रान्समधल्या एका सुंदर चौकात पर्यटक घाईघाईने सगळं बघून उरकत होते, ते पाहून त्याला ते सुचलं. गाणं इतकंच सांगतं की जरा हळू चाल. आणि सगळ्यात शेवटी, वाद्यं थांबल्यावर, एक छोटीशी घंटी वाजते. टिंग.

खाली बसून रडले मी तेव्हा. दोन वर्षं मी हातपाय गाळलेल्या गाण्याला शेवट समजत होते, आणि बँडने त्याच्यापुढे वाचवणारं गाणं ठेवलं होतं, त्याच्याही पुढे दमाने चालायला सांगणारं. ते होतंच तिथे. माझ्या कॅसेटवर नव्हतं.

तुमच्या मुलाच्या फोनवर हेच होत असणार. आता गाणी सुटी सुटी मिळतात. एक आवडलं की ते लूपवर लागतं, ते संपलं की पुन्हा तेच. मागचं पुढचं काही कानावर येत नाही. एकच गाणं शंभर वेळा ऐकण्याला मी नावं ठेवत नाही, कारण कधी कधी तेवढ्या एका गाण्याला धरून माणूस रात्र काढतो. पण तुमच्या भाच्याने ज्याला 'डिप्रेशनवालं म्युझिक' म्हटलं ते या बँडच्या घरातली एक खोली आहे, आणि तुमचा मुलगा सध्या त्या खोलीत बसला आहे. बाकीच्या खोल्या त्याला ठाऊक असतील. तुम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून सांगते.

त्या भीतिदायक नावाच्या गाण्यापासूनच सुरू करू. 'हाऊ टू डिसअपिअर कम्प्लिटली'. 'ओके कॉम्प्युटर' १९९७ साली आला आणि हा बँड एकदम जगभर गाजला. गावोगावचे दौरे, प्रचंड गर्दी, मुलाखतींवर मुलाखती. गाणारा थॉम यॉर्क त्यात पार कोलमडला. स्टेजवर जायचं म्हटलं की अंगाला कापरं. तेव्हा आर.ई.एम. या बँडचा गायक मायकल स्टाइप, जो त्याच्यापेक्षा वयाने मोठा आणि या सगळ्यातून आधी गेलेला, त्याने त्याला एक तोडगा सांगितला. असह्य झालं की मनाशी म्हणायचं, मी इथे नाहीच, हे घडतच नाहीये. तो तोडगा जवळजवळ जसाच्या तसा त्या गाण्यात आला आहे. म्हणजे ताई, ज्या गाण्याच्या नावाने तुमची झोप उडवली, त्याच्या मुळाशी एका थोरल्या मित्राने धाकट्याला दिलेला आधार आहे. नाहीसं व्हायची रीत त्यात शिकवलेली नाही. आजची रात्र कशी पार पाडायची, ते एका दमलेल्या माणसाला दुसऱ्याने सांगितलं आहे.

त्यातला तंतुवाद्यांचा भाग ऑक्सफर्डजवळच्या डॉर्चेस्टर गावातल्या जुन्या ॲबेमध्ये, म्हणजे दगडी चर्चमध्ये, वादकांना बसवून रेकॉर्ड केला. मुलगा झोपला असताना एकदा एकटीने ऐका. शेवटाकडे ती व्हायोलिन्स सुरातून सुटतात, सगळं विस्कटतं, आणि मग हळूच परत एका ठिकाणी येतात. तुम्हाला रडण्यासारखा वाटलेला आवाज बहुतेक हाच. रडणं आहेच ते. पण सावरणंही त्यातच आहे.

आणि पुढे काय येतं बघा. हे 'किड ए' या २००० सालच्या अल्बममधलं चौथं गाणं. पाचव्यात शब्दच नाहीत. बँडमधल्याच एड ओब्रायनच्या गिटारच्या सुरांवर प्रक्रिया करून केलेला नुसता धुक्यासारखा नाद, तीन-चार मिनिटं. आजारातून उठलेल्याला पेज देतात ना, तसा. आणि सहावं गाणं ढोलाच्या जोरदार ठेक्यावर सुरू होतं, त्याचं नाव 'ऑप्टिमिस्टिक', आशावादी. त्या काळात थॉमच्या हातून काही लिहून होत नव्हतं, केलेलं काही पसंत पडत नव्हतं, तेव्हा त्याच्या जोडीदारणीने त्याला धीर दिला होता: तुला जमेल तेवढं कर, तेवढं पुरे आहे. ते या गाण्यात आलं आहे. गाणं गोडगोड मुळीच नाही. मोठे मासे छोट्या माशांना खातात ते जगही त्यात आहे, आणि ते वाक्य त्या जगात उभं राहून म्हटलेलं आहे. वायडी लागलेल्या मुलाला कुणीतरी हे म्हणायला हवं होतं. तुमच्या घरात कुणी म्हटलं का? पत्रात मला दिसलं नाही, म्हणून विचारते.

थोडं मागे जाते. हे पाच जण ऑक्सफर्डशायरमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या एका शाळेत एकत्र होते. थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवुड भाऊ, एड ओब्रायन आणि फिल सेल्वे. १९८५ साली जमले. शुक्रवारी सराव करायचे म्हणून बँडचं पहिलं नावच 'ऑन अ फ्रायडे'. आजही तेच पाच. मध्ये काही वर्षं एकत्र वाजवणं थांबलं होतं, पण २०२५ च्या शेवटी माद्रिदपासून बर्लिनपर्यंत पुन्हा स्टेजवर आले. चाळीस वर्षं शाळेतल्या मित्रांना धरून राहिलेली माणसं आहेत ही. तुमच्या मुलाला त्याच्या हॉस्टेलच्या मित्रांची आठवण येत असेल, तेही एक कारण असेल हा बँड जवळचा वाटण्याचं. वर्ग पुढे गेला आणि हा मागे राहिला, हे दुःख नापास होण्यापेक्षाही जास्त खुपतं.

त्यांना प्रसिद्ध केलं 'क्रीप'ने, १९९२ साली. थॉमने ते कॉलेजात असताना लिहिलेलं, स्वतःची लाज वाटणाऱ्या मुलाचं गाणं. धृपदाच्या आधी गिटारचे दोन-तीन कर्कश फटके येतात. ते जॉनीचे. गाणं फारच मवाळ आहे म्हणून त्याने वैतागून तारांवर हात मारला, आणि लोकांना नेमके तेच फटके आवडले. लाजेच्या मधोमध राग. विशीतल्या मुलांना ते इतकं का भिडतं, तुम्ही तीस वर्षं शिकवलंत, तुम्हाला कळेल. बँडला मात्र पुढे त्या गाण्याचा कंटाळा आला. कित्येक वर्षं कार्यक्रमांत ते म्हणतही नसत. जगाने त्यांचं नाव एकाच भावनेला चिकटवलं, आणि त्यांनी तिथे राहायला नकार दिला. मला यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याचा वाटतो.

बाकी रंग भराभर सांगते. 'ओके कॉम्प्युटर' उघडतो तोच 'एअरबॅग'ने. थॉम तरुणपणी मोटारीच्या अपघातातून वाचला होता, त्या नुसत्या वाचण्याचा, श्वास चालू असण्याचा हर्ष त्या गाण्यात आहे. त्याच अल्बमवर 'कर्मा पोलीस' आहे. दौऱ्यावर कुणी वाईट वागलं की हे पाच जण आपापसात म्हणायचे, थांब, कर्माचे पोलीस धरतील तुला. ती थट्टा गाणं झाली. २००३ सालच्या अल्बममध्ये राजकारणावरचा संताप आहे, तो मला थोडा कमी भावतो. आणि मग २००७ चा 'इन रेनबोज'. हा त्यांनी इंटरनेटवर ठेवला आणि सांगितलं, किंमत तुम्ही ठरवा, वाटेल ती द्या. त्यात ऊब आहे, प्रेमाची ओढ आहे, अंग हलायला लावणारा ताल आहे. पहिलंच गाणं '१५ स्टेप' पाच मात्रांच्या चालीवर आहे, आणि मध्येच लहान मुलांचा गलका येतो, खरोखरच्या शाळकरी पोरांचा. तुम्ही शिक्षिका. मधली सुट्टी आठवेल तुम्हाला. त्या अल्बमचा शेवट मात्र निरोपाचा आहे. सगळे अल्बम उजेडात संपतात असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर मुलगा लगेच पकडेल तुम्हाला.

आणि एक गाणं असं आहे की त्याच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहायला हवा. 'ट्रू लव्ह वेट्स'. १९९५ साली त्यांनी ते पहिल्यांदा कार्यक्रमात म्हटलं. गिटारवर, सोडून जाऊ नकोस अशी कळवळून केलेली विनवणी. स्टुडिओत ते अनेकदा करून पाहिलं, मनासारखं होईना, बाजूला ठेवलं. अखेर २०१६ साली 'अ मून शेप्ड पूल'मध्ये आलं, एकवीस वर्षांनी. गिटार गेली, नुसता पियानो उरला, तोही थेंब थेंब पडल्यासारखा. दरम्यान थॉमचा तेवीस वर्षांचा संसार संपला होता. शब्द तेच आहेत. पंचविशीतली विनवणी सत्तेचाळिसाव्या वर्षी उच्चारली की तिची काय दशा होते, ते ऐकू येतं. दोन्ही रूपं लागोपाठ ऐका कधीतरी. एकाच मनुष्याचं एकच दुःख वय वाढताना कसं बदलतं, हे मला दुसऱ्या कुठल्याही कलेने इतकं स्पष्ट दाखवलेलं नाही.

तुमच्या आजीने जात्यावर ओव्या म्हटल्या असतील. त्यात सासुरवास होता, मेलेल्या लेकराची आठवण होती, भावाची वाट पाहणं होतं, आणि पुढच्याच ओवीत विठ्ठल हसायचा. पहाटे अंधारात ते दुःख गाणाऱ्या बाईला कुणी म्हटलं नाही, की गाऊ नकोस, त्याने दुःख वाढेल. दळण संपेपर्यंत तिला ते पुरत होतं. तुमचा मुलगा वरच्या खोलीत असंच काहीतरी दळतोय. फक्त त्याच्या समोर जात्याला दुसरा हात लावणारं कुणी बसलेलं नाही.

ह्यांना, तुमच्या यजमानांना, माझ्याकडून एक गोष्ट सांगा. या बँडचा ढोल वाजवणारा फिल सेल्वे, त्याने इंग्लंडमधल्या समॅरिटन्स या संस्थेत अनेक वर्षं स्वयंसेवक म्हणून काम केलं आहे. जगणं नकोसं झालेली माणसं रात्री-बेरात्री त्या संस्थेला फोन करतात आणि पलीकडचा माणूस ऐकतो. उपदेश करत नाही, नुसतं ऐकतो. ज्यांचं संगीत पोरांना बुडवतं अशी भीती घरोघरी वाटते, त्यांच्यातलाच एक जण वर्षानुवर्षं बुडणाऱ्यांचे फोन उचलत बसला होता. त्याने केलं ते तुमच्या यजमानांना करता येईल. फोन काढून घेतला तर मुलाच्या हातून त्याची रात्र काढायची काठी जाईल, आणि त्याच्या जागी तुमच्याकडे द्यायला अजून काही नाही. आधी ते तयार करू.

ते कसं, ते सांगते. पहिली गोष्ट मावशीची. एखादं काम हातात घेऊन त्याच्या खोलीत जा. लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला. विचारा, "तो काय म्हणतोय रे? मराठीत सांग मला." तुम्ही मास्तरीण आहात हे मात्र दाराबाहेर ठेवून जा. तो चुकीचा अर्थ सांगेल, अर्धवट सांगेल, "तुला नाही कळायचं" म्हणेल. पहिल्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो स्वतःहून एखादं गाणं लावेल. 'नो सरप्रायझेस'चा व्हिडिओ दाखवला तर दचकू नका. थॉमच्या डोक्यावर काचेचं गोल शिरस्त्राण आहे आणि त्यात पाणी भरत जातं, नाकातोंडापर्यंत, पार वरपर्यंत. तुम्हाला बघवणार नाही. पण बघा. पाणी ओसरतं, तो श्वास घेतो आणि पुढची ओळ गातो. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्याकडे न बघता पडद्याकडेच बघत राहा.

तो कधी विचारेल, "आई, तुला आवडलं का?" खरं सांगा. आवडलं नसेल तर आवडलं नाही म्हणा. खोट्या कौतुकाचा या वयातल्या मुलांना लांबून वास येतो. त्याऐवजी एखादी ठोस गोष्ट विचारा: ते आभाळातून आल्यासारखं वाद्य कुठलं? तो सांगेल, ऑन्द मार्तनो. फ्रान्समध्ये १९२८ च्या सुमारास निघालेलं जुनं विजेचं वाद्य, जॉनी ग्रीनवुड ते वाजवतो. हाच जॉनी २०१५ साली जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात येऊन राजस्थानी वादकांबरोबर, कव्वालांबरोबर वाजवत बसला होता, 'जुनून' या अल्बमसाठी. ते मात्र तुम्हाला पहिल्या ऐकण्यात आवडेल. ढोलक, बँडबाजातली पितळी वाद्यं, कव्वाली. तिथे तुम्ही त्याला दोन गोष्टी सांगू शकाल, त्याला ठाऊक नसलेल्या. तेही होऊ द्या. नेहमी त्यानेच शिकवायचं असं कशाला.

वायडीचं काय, असं तुमच्या मनात असेलच. परीक्षेचा फॉर्म, राहिलेले विषय, पुन्हा हॉस्टेल की ये-जा, हे सगळं बोलायचं आहे. पण गाण्याच्या बैठकीत नाही. त्याला जर कळलं की आई गाणं ऐकायला येते ती शेवटी फॉर्मवर येण्यासाठी, तर ते दार बंद झालं म्हणून समजा. फॉर्मसाठी वेगळा दिवस ठरवा, त्याला आधी सांगून, ह्यांच्यासमोर, अर्ध्या तासात उरका. त्या अर्ध्या तासात "तुला जमेल तेवढं पुरे आहे" हे एकदा म्हणा आणि तसंच वागा. भाच्यालाही रागावू नका. तोही काळजीनेच बोलला. त्याला म्हणावं, मामीला आता सहा-सात गाण्यांची नावं येतात.

आणि एखाद्या रविवारी, तो तयार झाला तर, जेवणं झाल्यावर त्याचा स्पीकर खाली माजघरात आणायला सांगा. 'ओके कॉम्प्युटर' पहिल्यापासून लावायचा. मध्ये कुणी गाणं बदलायचं नाही, पुढे ढकलायचं नाही. यजमानांना पेपर वाचत बसू दे, चालेल, फक्त त्यांनी उठून जायचं नाही. त्रेपन्न मिनिटं लागतात. सातवा तुकडा नुसत्या यंत्राच्या आवाजातला आहे, तो सगळ्यांनाच विचित्र वाटतो, तेव्हा तुम्ही वैतागू नका. दहाव्या गाण्याला ती किणकिण सुरू होईल आणि तुमच्या छातीत धस्स होईल. बसून राहा. अकरावं येऊ द्या. बारावं फार सावकाश आहे, आता संपलं, आता संपलं असं वाटत राहतं. घंटी वाजेपर्यंत कुणी उठू नका. मग चहा ठेवा.